तो सेल तुझ्या पेटीतला नव्हता, उत्तम

उत्तम,

तुझ्या दहाव्याला मला बोलायला उभं केलं. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. सरपंच, चेअरमन, एखादा माजी सदस्य असे दोघंतिघं उठतात, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलतात आणि बसतात. मी दूध सोसायटीचा चेअरमन, त्यात पहिलीपासून तुझ्या शेजारी बसलेला, म्हणून माझा नंबर पहिला. मी म्हणालो, उत्तमसारखा घड्याळ दुरुस्त करणारा वडवणीच्या बाजारात पुन्हा होणे नाही. म्हणालो, त्याच्यामुळं एका लेकराचा जीव वाचला. लोकांनी माना हलवल्या. समोर बायकांमध्ये सविता बसली होती, आणि तिच्या मांडीला टेकून ते लेकरू, ईश्वरी. आता आठ वर्षांची झाली. मी खाली बसलो, पाणी प्यालो, आणि मला माझीच किळस आली.

बोललो त्यात खोटं काही नव्हतं. पण जे बोलायला पाहिजे होतं ते सहा वर्षं पोटात ठेवलंय, आणि तुझ्या पिंडासमोरही ते तोंडातून निघालं नाही. म्हणून आता हे लिहायला बसलो. तुला आता वाचता येणार नाही, हे कळतंय मला. तू वाचू शकत होतास तेव्हा मी लिहिलं नाही, हेही कळतंय.

छावणीचं वर्ष आठव. दोन पावसाळे कोरडे गेलेले. सोसायटीत जिथं दुधाच्या कॅनची रांग लागायची तिथं दोन-तीन कॅन यायला लागले. माळावर चारा छावणी उघडली आणि ती चालवायचं काम आपल्या सोसायटीकडं आलं. लोक जनावरांबरोबर तिथंच ताडपत्रीची पालं ठोकून राहिले. दर रविवारी तू तुझी लाकडी पेटी घेऊन यायचास आणि लिंबाखाली बसायचास. डोळ्याला भिंग लावलेलं, आणि बोलायचं असलं की ते कपाळावर सरकवायचं. मोबाइल आल्यापासून घड्याळ दुरुस्त करून घेणारी माणसं राहिली नव्हती, पण छावणीत लोकांना दुसरा उद्योगच नव्हता. जुनी, बंद पडलेली घड्याळं पत्र्याच्या पेट्यांतून बाहेर निघाली. जगन्या म्हातारा आपलं लग्नातलं घड्याळ घेऊन आला होता. तू ते चालू करून त्याच्या कानाला लावलंस तेव्हा तो कसा हसला होता! तुझ्याकडं बघून मला वाटायचं, या माणसाला दुष्काळ दिसतच नाही की काय. दिसत होता. तू फक्त हातातलं काम सोडत नव्हतास.

त्याच वर्षी सोसायटीची निवडणूक होती. सभासदांना काहीतरी भेट द्यावी असं आम्ही संचालकांनी ठरवलं. शहरातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून मी किल्लीला अडकवायच्या चिमुकल्या बॅटऱ्या आणल्या. दाबलं की पांढरा लख्ख उजेड. लाल, निळ्या, पोपटी. वर सोसायटीचं नाव. वाटपाच्या आधी पहिली बॅटरी मी मोठ्या तोऱ्यात तुझ्याकडं आणली. तू भिंग डोळ्यावर ओढलंस, फटीत नख घातलंस, आणि तिचे दोन तुकडे झाले. रुपयासारखे दोन चपटे सेल तुझ्या तळहातावर पडले.

"ह्याला स्क्रू न्हाई बे, भागवत."

"मंग?"

"मंग काय? नखानं उघडतंय. लेकराच्या हातात पडलं तर थेट तोंडात जाईल."

"लेकराला कोण देतंय? सभासदाला देतोय."

"सभासदाच्या घरी लेकरं न्हाईत का? परत कर ह्या. स्क्रूवाल्या मिळतेत."

"तू घड्याळं बघ. सोसायटी आमी बघतो."

दोन्ही तुकडे जोडून बॅटरी माझ्याकडं सरकवलीस. ठेवून घेतली नाहीस. दुसऱ्या दिवशी हार घालून, फोटो काढून मी वाटप केलं, आणि "उत्तमला प्रत्येक गोष्टीत खोट दिसती" असं संचालकांना सांगून हसलोही.

पुढचं तुला माहीत आहे. पण सगळं माहीत नाही.

सविता दोन गायी आणि एक म्हैस घेऊन छावणीत राहत होती. नवरा पुण्याकडं बांधकामावर. ईश्वरी दोन वर्षांचीही नव्हती. एका रविवारी दुपारी पाण्याचा टँकर आला, तशी सविता घागरी घेऊन पळाली. परत आली तर पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि पाण्याचा घोटही खाली जात नव्हता. ती पोरीला कडेवर घेऊन माझ्याकडं आली. छावणीच्या ऑफिसपुढं दुधाचा टेम्पो उभाच होता.

"आण्णा, हिनं काय तरी गिळलंय. टेम्पो द्या, बीडला न्हेते."

त्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. चाऱ्याच्या गाड्या रस्त्यात होत्या. मी जागेवरून न उठता पोरीच्या तोंडात डोकावलो. जसा काही मी डॉक्टरच.

"रुपया गिळला असंल. केळं चार. उद्या पडून जाईल."

केळं आणलं. पोरीनं ते ओकून टाकलं. तेवढ्यात तू लिंबाखालून उठून आलास, कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ तसंच पेटीवर ठेवून.

"रुपयाच हाय हे तुला कशावरून कळलं?" तू मला चारचौघांत विचारलंस. तू मोटारसायकलला किक मारलीस. मध्ये पोरगी, मागं सविता, आणि वरून ते ऊन. तुमची धूळ खाली बसेपर्यंत मी बघत उभा होतो.

मग सविताच्या जनावरांना पाणी दाखवावं म्हणून मी तिच्या पालाकडं गेलो. ताडपत्रीच्या कडेला पोपटी बॅटरीचे दोन तुकडे पडले होते. एक सेल शेजारी होता. दुसरा नव्हता.

मी ते उचलून खिशात घातले. त्याच खिशात माझा फोन होता, उत्तम.

तुला एक फोन लावायचा होता. "रुपया न्हाई, सेल हाय," एवढे चार शब्द. मी फोन काढला, तुझं नाव शोधलं आणि पुन्हा खिशात ठेवला. म्हटलं, डॉक्टर बघतीलच की. बीडच्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे फोटो काढला तेव्हा त्यात नुसता गोल दिसला. नाणं दिसतंय, सकाळपर्यंत वाट बघू, असं तिथं सांगण्यात आलं. तू हटला नाहीस. सवितानं मला नंतर सांगितलं, तू फोटो उजेडाला धरून म्हणालास, "साहेब, कड बघा. दुहेरी दिसती. नाण्याची अशी नसती." मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, गाडी निघाली, आणि औरंगाबादला दुर्बीण घालून तो सेल बाहेर काढला. माझ्या फोननं किती वेळ वाचला असता हे मला कधीच कळणार नाही. तू नंतर मला समजावून सांगितलं होतंस, की सेल फुटावा लागत नाही. लाळ लागली की त्यातून वीज वाहायला लागते आणि अन्ननलिका जागच्या जागी भाजत जाते. दोन तासही पुरतात. हे तू माझ्याकडं न बघता सांगत होतास, आणि मी मान हलवत होतो.

पोरगी वाचली. अन्ननलिका मात्र आखडली. ती रुंद करून घ्यायला दर काही आठवड्यांनी तिला भूल देऊन झोपवावं लागायचं. घास अडकायचा, डोळे पांढरे व्हायचे.

आठ दिवसांनी सविताचा भाऊ बापू छावणीत आला. डॉक्टरांनी दिलेली बाटली त्याच्या हातात होती, आणि बाटलीत तो काळा पडलेला सेल. लोक जमले. बापूचा हिशेब सरळ होता. "डॉक्टरला कळलं न्हाई ते ह्याला कसं कळलं? ह्याच्याच पेटीतला हाय म्हणून!" लोकांना ते पटलं. मलाही आश्चर्य वाटलं होतं, किती चटकन पटलं ते.

तू बाटली हातात घेतलीस. "ह्यो घड्याळाचा न्हाई. घड्याळाचा सेल डाळीएवढा असतो. ह्यो बघा केवढा हाय. बापू, बघ तर खरं—"

त्यानं तुझ्या मुस्काटात मारली. पेटी लाथेनं उडवली. बारीक स्क्रू, काटे, पट्टे सगळे फुफाट्यात गेले. मी पाच पावलांवर होतो. तू माझ्याकडं बघितलंस. साक्ष मागितली नाहीस, नुसतं बघितलंस. आणि मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "उत्तम, तू काई दिवस छावणीत येऊ नको. वातावरण लई तापलंय." मग तू खाली बसून एकेक स्क्रू वेचायला लागलास. जगन्या म्हातारा तेवढा वाकला. मी वाकलो नाही.

दोन दिवसांनी मी तुझ्या टपरीवर आलो, तुझं सांत्वन करायला. किती हलकट असतो माणूस! तू चहा मागवलास. अपमानाचं एक अक्षर काढलं नाहीस.

"सभासदांकडून त्या बॅटऱ्या परत घे," एवढंच म्हणालास.

"आत्ता? निवडणूक तोंडावर हाय. लोक कावून म्हणून इचारतील."

"मंग सांगायचं कावून ते."

मी चहा संपवून निघालो. बॅटऱ्या मी परत घेतल्या नाहीत. तू घेतल्यास. ज्या गावानं तुला मारताना बघितलं त्याच गावात तू दारोदार फिरलास. काही पुरुषांनी तुला उंबऱ्यावरून हाकललं. बायकांनी मात्र कनवटीच्या किल्ल्या सोडून दिल्या. प्रत्येक बॅटरीची फट तू चिकटवायचा मसाला लावून बुजवलीस आणि जिची तिला परत केलीस. सोसायटीचं नाव प्रत्येकीवर होतं. तू ते वाचत होतास, आणि तरीही मला काही विचारलं नाहीस.

पुढं सविता स्वतः तुझ्या टपरीवर आली. औरंगाबादला एकटीनं जायची तिला भीती वाटायची. तू टपरी बंद करून तिच्याबरोबर जायला लागलास. मी म्हणालो, "ज्यांनी मारलं त्यांचंच करतोस का?" तू म्हणालास, "बापूनं पोरीचे हाल बघितलेत. त्याला कुणाला तरी मारायचंच होतं." मग थोडं थांबून, "अन् पोरीनं तर न्हाई ना मारलं."

मग तुझं ते कायद्याचं सुरू झालं. आपली खरी भांडणं त्यावरच झाली आणि ती अर्धीच राहिली. तू जिल्ह्याला अर्ज केलेस, वर अर्ज केलेस. नाण्यासारखा सेल ज्या कुठल्या वस्तूत असेल तिला स्क्रू सक्तीचा करा. पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. सेलचं पाकीट लेकराला फाडता येणार नाही असं करा. तुझ्या एकट्याच्या अर्जाला कोण विचारतंय? म्हणून तुला आमच्या सोसायटीचा ठराव पाहिजे होता, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. तू दर सभेच्या आधी यायचास आणि मी दर वेळी काहीतरी काढायचो.

"कायद्यानं काय होतंय रे? हेल्मेटचा कायदा हाय, घालतंय कोण? आईबापानं ध्यान ठेवावं."

त्या दिवशी तू चिडलास. तुला चिडलेलं मी फार कमी वेळा बघितलं. "सवितानं काय काय बघायचं बे? टँकर बघायचा, का म्हैस बघायची, का पोरीच्या तोंडात बोट घालून बसायचं? कायदा तिच्यासाठी न्हाई. कारखान्यात बसून जो एक स्क्रू वाचवतो ना, त्याच्यासाठी हाय. अन् जो आणून वाटतो त्याच्यासाठी."

मला वाटलं, आता म्हणशील. तू भिंग डोळ्यावर ओढलंस आणि कामाला लागलास.

ठरावाला मी का घाबरत होतो ते आता सांगतो. ठरावात कारण लिहावं लागतं. 'ज्याअर्थी' नंतर काय लिहिणार होतो मी?

मग खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का लागणार, असा नियम आला. तू पेपर घेऊन सोसायटीत आलास, पोरासारखा. "आला बघ! आता खेळण्याचं झाकण उघडायला स्क्रूड्रायवर लागंल." मी म्हणालो, "झालं का तुझं समाधान?"

"अर्धं," तू म्हणालास. पेपरची घडी घातलीस. "तुझी बॅटरी खेळणं न्हाई."

तुझी. सोसायटीची नाही म्हणालास, ती पोपटी बॅटरी असंही नाही म्हणालास. त्या शब्दावर मला पक्कं कळलं की तो सेल माझ्या बॅटरीतला हे तुला ठाऊक आहे, बहुतेक त्या पहिल्या दुपारपासून. तू मला बोलायला जागा करून दिली होतीस. फॅट काढायचं मशीन घरघरत होतं. मी ते बंद केलं, पुन्हा चालू केलं. तू "येतो" म्हणून निघून गेलास.

इतकी वर्षं तू ते गावात का सांगितलं नाहीस, याचा मी लई विचार केलाय. परवा तुझ्या घरी जाऊन वहिनींना धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्याबद्दल वाईट कधी बोलले न्हाईत. एकदा फक्त म्हणले, भागवतला भीती लई. लहानपणी विहिरीत उडी मारायला बी शेवटचा असायचा." त्यांना वाटलं, ही कौतुकाची गोष्ट आहे. त्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

दवाखान्यात तुला बघायला आलो तो दिवस. तुझे हात इतके बारीक झाले होते. तू म्हणालास, बरा झालो की चतुर्थीला लिंबागणेशला जाऊ. मी ठरवूनच आलो होतो. खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "उत्तम, छावणीच्या वर्षी..." तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. पूर्ण जागा होतास. आणि मी वाक्य पुरं केलं, "...तू लई पळापळ केलीस."

"हं," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. चौथ्या दिवशी निरोप आला.

आता झालं ते सांगतो. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तुझा ठराव घातला. तुझ्याच अर्जातली वाक्यं घेतली, माझी कुठली त्यापेक्षा चांगली होणार? 'ज्याअर्थी' नंतर लिहिलं, की आपल्या संस्थेनं वाटलेल्या वस्तूतला सेल एका सभासदाच्या मुलीनं गिळला, आणि हे चेअरमनला त्याच दिवशी माहीत होतं. सचिवानं ते दोनदा वाचलं. म्हणाला, "आण्णा, कशाला? माणूस गेला, गोष्ट मिटली." मी म्हटलं, छापायला दे. सभेत काय होईल ते होईल. चेअरमन मी राहणार नाही, एवढं नक्की, आणि ते ठीकच आहे.

पण सभेत कळण्याआधी सविताला माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं. शनिवारी सकाळी तिच्या घरी गेलो. ईश्वरी शाळेच्या कपड्यात बसून दुधात कुस्करलेली भाकरी खात होती. एकेक घास किती वेळ चावते ती पोर! मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टेम्पो, केळं, पोपटी तुकडे, खिशातला फोन, बापूची थप्पड. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सवितानं पोरीपुढची वाटी नीट सरकवली. मग म्हणाली, "उत्तमभाऊंना सांगितलं होतं का हे?"

"न्हाई."

"मंग आता मला कावून सांगता, आण्णा?"

वाटलं होतं, ती शिव्या देईल, रडेल. तेही तिनं माझ्यासाठी केलं नाही. मी वळलो. तेवढ्यात पोरीनं विचारलं, "मंग म्या घड्याळवाल्या मामाच्या पेटीतून चोरला नव्हता?"

मला काही कळेना. सविता खाली बघत म्हणाली, "सगळे तसंच म्हणायचे ना. घड्याळवाल्या मामाच्या पेटीतून उचलून खाल्लं म्हणून. शाळंत बी पोरं सेलचोर म्हणतेत तिला. मागल्या वर्षी ती त्यांच्या टपरीवर गेली अन् म्हणली, मामा, माफ करा, म्या तुमचा सेल घेतला. ते म्हणले, न्हाई गं, तू घेतला न्हाईस. हिला वाटलं, लाडानं म्हणतेत."

उत्तम, तुझ्याशी केलं ते मला माहीत होतं. त्याची लाज मी सहा वर्षं वागवली, तिच्यात मुरलो होतो म्हण. पण या पोरीला मी चोर ठरवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बोलता येत नव्हतं तेव्हापासून ती चोर होती.

मी तिच्यासमोर खाली बसलो. "न्हाई पोरी. तू चोरला न्हाईस. तो तुमच्या घरात मीच आणून दिला होता."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. तोंडातला घास नीट गिळून झाल्यावर म्हणाली, "मंग शाळंत येऊन सांगा की."

मुख्याध्यापकांना विचारलंय. सोमवारी प्रार्थनेनंतर पोरं ओळीत उभी असतानाच बोला म्हणाले. जातोय मी. तू असताना जायला पाहिजे होतं.